सांगून लावलेली आग

माझं वावर तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरहून इंद्रवेल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, जंगलाला लागून आहे. पूर्वेचा धुरा संपला की साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू सुरू होतात. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ त्या धुऱ्यावरच असतो. जंगल कधी पेटतं, कसं पेटतं आणि मागं काय उरतं, हे दर वर्षी जवळून बघतो.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली एक दुपार सांगतो. अडीच वाजले असतील. आधी वास आला, मग आवाज. सागाची वाळलेली पानं जळताना पापड चुरल्यासारखा आवाज होतो, आणि शेकडो झाडांखाली तो एकदम सुरू झाला की पाऊस आल्याचा भास होतो. नाल्याच्या पलीकडून आगीची ओळ वाऱ्याबरोबर येत होती. ज्वाळा छातीपर्यंत. धुऱ्याजवळ पऱ्हाटीचा ढीग, त्याच्या मागं कडब्याची गंजी, तिच्या मागं गोठा. मी बैल सोडून दिले आणि पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो.

तेवढ्यात कोलामगुड्यातला, म्हणजे शेजारच्या कोलाम वस्तीतला, एक म्हातारा दोन पोरांना घेऊन आला. तो आगीकडे धावला नाही. त्यानं आधी मूठभर माती उडवून वारा पाहिला. मग निरगुडीच्या डहाळ्या तोडून पोरांच्या हातात दिल्या आणि माझ्या धुऱ्याच्या कडेला, वावराकडे पाठ करून, स्वतःच काडी लावली. मी ओरडलो, "बाबा, हे काय करता?" तो म्हणाला, "मास्तर, तिले खायले काई ठेवू नका." बघता बघता धुऱ्यापासून जंगलाकडे आठ-दहा पावलांचा पट्टा काळा झाला. वावराकडे उडणारी प्रत्येक ठिणगी पोरं डहाळीनं दाबत होती. मोठी आग त्या पट्ट्यापाशी आली, तिला पुढं काही मिळालं नाही, आणि ती बसली. पऱ्हाटी गेली. गंजी आणि गोठा वाचला.

पुढचं सांगताना वाईट वाटतं. त्याला काडी लावताना कुणीतरी पाहिलं होतं. जंगलाला आग यानंच लावली, अशी तक्रार झाली आणि ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाला खुलासा देत आठवडाभर हेलपाटे घालावे लागले. पुढच्या वर्षी जंगल पुन्हा पेटलं, तेव्हा गुड्यातून कुणी आलं नाही.

आमच्या या पानझडी मिश्र जंगलात आग येणारच. मोहाखाली फुलं वेचायला जागा साफ हवी म्हणून कुणी पाचोळा पेटवतो. तेंदूला कोवळी, बिडीजोगी पालवी फुटावी म्हणून कुणी पेटवतो. ढोरांना हिरवा कोंब मिळावा म्हणून कुणी, मधाच्या पोळ्यासाठी कुणी, आणि हमरस्त्यावरून टाकलेल्या विडीच्या थोटकानं कुणाच्या नकळत. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये होतं, आणि चोरून होतं. १९२७ चा भारतीय वन कायदा असो, आमच्याकडचा १९६७ चा वन कायदा असो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असो, राखीव जंगलात किंवा अभयारण्यात गावकऱ्यानं आग लावणं हा गुन्हाच. म्हणून लावणारा काडी टाकतो आणि निघून जातो. त्या आगीला धनी नसतो. ती किती पुढं जाईल, कुणाच्या वावरात शिरेल, कोणत्या झाडाचं रोप खाईल, हे बघायला तिच्याजवळ माणूसच थांबत नाही. आमच्या जंगलाचं सगळ्यांत जास्त नुकसान या बेवारशी आगीनं केलं आहे.

दुसऱ्या प्रकारची आग मी लहानपणी पाहिली आहे. केस्लापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावस्येला भरते. जत्रेच्या आत, थंडी असतानाच, माझे वडील आणि हाच म्हातारा, तेव्हा तो तरणा होता, आमच्या धुऱ्याचं गवत जाळायचे. आदल्या दिवशी शेजारच्या वावरवाल्यांना निरोप जायचा. सकाळी दव उडालं की तो पाचोळ्यापाशी बसायचा. एकदा त्यानं माझा हात धरून पाचोळ्यात घातला. वरची पानं कोरडी होती, खालची थंड आणि लवचीक. "मोडते का वाकते?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, वाकते. "मंग होते आज." खालचं पानही कडकन मोडलं असतं, तर त्या वर्षी काडी लागली नसती, कारण मग जमिनीत ओल उरलेली नसते आणि आग मुळापर्यंत जाते.

आग उताराच्या वरच्या अंगाला लावायची, वाऱ्याच्या विरुद्ध. म्हणजे ती पळत नाही. मागं मागं सरकत हळूहळू खाली येते. कुसळी जळायची, सागाचं वरचं पान जळायचं. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेली की डहाळी पडायची. एखाद्या आवळ्याच्या, चाराच्या (चारोळीच्या) रोपाभोवती आधीच पायानं पाचोळा सारून गोल मोकळा केलेला असायचा, म्हणजे आग त्याला वळसा घालून जायची. तासाभरानं वडील राखेत बोट खुपसून बघायचे. दोन पेरं खाली माती गार लागायची. दुपारच्या जेवणाआधी सगळं विझलेलं असायचं, आणि शेवटचा धूर जाईपर्यंत दोघांपैकी एक जण तिथंच बसून राहायचा.

या दोन आगींना आपण एकच शब्द वापरतो, वणवा. हीच पहिली चूक आहे. जानेवारीत सागाची बरीच पानं अजून झाडावरच असतात, खाली पडलेल्यांत दव असतं, म्हणून आगीला खाणं कमी. नंतर पडणारा पाचोळा काळ्या जमिनीवर पातळ थरात पडतो, आणि एप्रिलमध्ये ठिणगी पडलीच तर तिला जोर राहत नाही. एप्रिलमध्ये मात्र तीन-चार महिन्यांचा साचलेला पाचोळा असतो, जमीन तव्यासारखी असते आणि दुपारचा वारा असतो. त्याच सुमाराला तित्तिर आणि रानकोंबड्या जमिनीवर अंडी घालतात. मोठा साग अशा आगीतूनही वाचतो, ऐनाची जाड साल तर जणू आगीसाठीच केलेली. जातं ते बोटभर उंचीचं रोप.

आणि जंगल मिश्र राहतं की नाही, हे त्या रोपांवर ठरतं. सागाच्या फळाचं कवच कठीण असतं. थोडी आच लागली, वरचा पाचोळा हटला, उघड्या मातीवर ऊन पडलं की ते रुजायला मदत होते. साग, ऐन, तेंदू ही झाडं वरून जळाली तरी मुळातून पुन्हा फुटतात. म्हणून दर वर्षी कडक आग आली तर शेवटी हीच उरतात. माझ्या धुऱ्यापासून नाल्यापर्यंत चाराची म्हातारी झाडं सात आहेत, मी मोजली आहेत. कमरेएवढं रोप एकही नाही. मोहाचंही तेच. ज्या मोहाखाली दर वर्षी पाचोळा पेटतो, त्याखाली मोहाचं पोर कुठून वाढणार? मोह, चार, आवळा, बीजा, बेहडा ही झाडं म्हणजे इथल्या गोंड-कोलाम घरांचा अर्धा बाजार आहे. ती म्हातारी होऊन मरत आहेत आणि त्यांच्या जागेवर पळस आणि तेंदूची झुडपं येत आहेत.

म्हणून "जंगल जाळा" असं मी म्हणतो आहे, असा अर्थ कुणी काढू नये. आज जंगल फार वेळा जळतं, हीच तर तक्रार आहे. नीलगिरीच्या पायथ्याच्या मुदुमलैमध्ये अभ्यासकांनी जुन्या नोंदी आणि उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं तीच जागा सरासरी दहा वर्षांनी एकदा जळायची. शतकाअखेर ते अंतर तीन-सव्वातीन वर्षांवर आलं. रोपाला आगीच्या तोंडातून वर निघायला सलग काही वर्षं निवांत मिळावी लागतात, खोड मनगटाएवढं व्हावं लागतं. ती वर्षं मिळाली नाहीत तर रोप दर उन्हाळ्यात जमिनीपर्यंत जळतं आणि पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मला हवी आहे ती आग लवकरची, थंड, आणि तीही एका तुकड्याला दर वर्षी नव्हे. जंगल गोधडीसारखं असावं; एक ठिगळ यंदा जळलेलं, एक दोन वर्षांपूर्वीचं, एक पाच वर्षं न शिवलेलं. अशा गोधडीत मोठा वणवा फार दूर जाऊ शकत नाही. हरणाला कोवळं गवत एका ठिगळात मिळतं आणि लपायला दुसऱ्यात. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरातून वाघ आमच्या बाजूला येतात, आणि इथं २०१२ मध्ये कव्वाल व्याघ्र प्रकल्प झाला. त्या वाघाला सलग राखही नको आणि सलग माजलेलं झुडूपही नको.

आग लावावी की थांबवावी, हा वाद नवा नाही, आणि तो कोलामांनी नव्हे, साहेबांनीच साहेबांशी घातलेला आहे. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, पिअर्सन नावाच्या वनाधिकाऱ्यानं आग पूर्ण बंद करून दाखवली. त्याचं कौतुक झालं आणि ती रीत देशभर गेली. पण १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' मासिकात स्लेड या अधिकाऱ्यानं लिहिलं की ब्रह्मदेशात आगबंदीचा अतिरेक झाला आहे. आग थांबवलेल्या सागवनात सागाची रोपंच येईनात. आसाम-बंगालच्या दमट सालवनांतही तोच अनुभव आला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत खात्यानं स्वतःच हंगामाच्या सुरुवातीची, हलकी आग पुन्हा सुरू केली. आजही वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं आणि त्या जाळून घेतं. काझीरंग्यात दर वर्षी गवत जाळतात. म्हणजे आग हे जंगल राखायचं हत्यार आहे, हे खात्याला शंभराहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. ते हत्यार गावाच्या हातात मात्र दिसता कामा नये, एवढंच.

आमच्या बाजूला निजामाचं राज्य होतं. जंगल राखीव होत गेलं, पोडू, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, बंद पडत गेली, आणि १९४० मध्ये त्याविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमरम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजामाच्या सरकारनं फ्युरर-हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंड-कोलामांमध्ये पाठवलं. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, कुदळीनं बी टोचणारे कोलाम त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. ज्या समाजाची शेतीच आगीवर उभी होती, त्याला वारा, उतार आणि ओल कळत नसेल तर कुणाला कळेल? पोडू परत आणा, असं मी म्हणत नाही. आता तेवढी जमीनही नाही. पण शेतीबरोबर ते ज्ञानही गुन्ह्यात टाकलं गेलं, याचं दुःख आहे.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोकांचं असंच झालं. ते थंडीच्या शेवटी पाचोळ्याला हलकी आग लावायचे. त्यांच्या भाषेत तिला 'तरगु बेंकी', पाचोळ्याची आग, म्हणतात. १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि आग बंद झाली. त्यानंतर घाणेरी माजली. आग नव्हती म्हणून घाणेरी वाढली, असं सोलिगा म्हणतात. अभ्यासकांनी १९९७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये पाहणी केली, तेव्हा घाणेरी असलेल्या ठिकाणांचं प्रमाण सुमारे दुप्पट झालेलं होतं. सगळे अभ्यासक एकाच कारणावर बोट ठेवत नाहीत, वारंवार कडक आगीनंही घाणेरीला मोकळी जागा मिळते असं काहींचं म्हणणं आहे, आणि मला दोन्हींत तथ्य दिसतं. पण एक गोष्ट सोलिगा म्हातारेही सांगतात आणि ती आपण ऐकायला हवी : घाणेरी माजल्यावर आता तिथं आग लावणं धोक्याचं झालं आहे. घाणेरी शिडीसारखी असते. तिच्यावर चढून आग झाडाच्या शेंड्याला जाते. २०१९ च्या फेब्रुवारीत बंदीपूर कसं जळलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. म्हणून जिथं घाणेरी कमरेच्या वर गेली आहे तिथं आधी ती मुळासकट उपटायची, वाळवून बाहेर काढायची, आणि मगच काडीचा विचार करायचा. आमच्या नाल्याच्या काठावर ती आता तेवढी झाली आहे. जितकी वर्षं थांबलो, तितकी त्याची किंमत वाढतच गेली.

बाहेरच्या देशांतही लोक याच वाटेनं परत येत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अर्नहेम लँडमध्ये तिथले मूळनिवासी २००६ पासून कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला ठिकठिकाणी हलकी आग लावतात, नंतरचे मोठे वणवे त्यामुळे कमी होतात, आणि या कामाचे त्यांना पैसे मिळतात. कॅलिफोर्नियात १८५० च्या कायद्यानं मूळनिवाशांच्या गवत जाळण्याला शिक्षा ठेवली होती; २०२१ मध्ये तिथल्याच सरकारनं कायदा करून जबाबदारीनं आग लावणाऱ्यांना, मूळनिवासी जाणकारांसह, संरक्षण दिलं.

आपल्याकडे वाट त्याहून जवळची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनाचं संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावनं तर तेंदूपत्त्याचा पैसा स्वतःहून सोडला, कारण त्यासाठी होणारी झुडपांची खुटकटाई आणि लागणारी आग जंगलाला परवडत नव्हती. त्यांनी बांबूवर भागवलं. आग नको, हे गावानं ठरवलं आणि ते पाळलं गेलं. जे गाव आग नको हे ठरवू शकतं, ते गाव कुठं, कधी आणि किती लावायची हेही ठरवू शकतं. मोहाखालचा पाचोळा झाडूनं गोळा करून खताच्या खड्ड्यात घालता येतो; छत्तीसगड-मध्य प्रदेशात मोहाखाली जाळी बांधून फुलं झेलतात, ती स्वच्छ फुलं चांगल्या भावानं जातात. तिथं काडीची गरजच उरत नाही.

वनरक्षकाची बाजूही मला माहीत आहे. एकटा माणूस, केवढं मोठं रान, पाठीवर पाचोळा उडवायचं ब्लोअर आणि उन्हाळाभर झोप नाही. डेहराडूनहून उपग्रहाचा संदेश मोबाईलवर येतो खरा, पण तो उपग्रह वरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. चार वाजता लागलेली आग त्याला रात्री दिसते. कोलामगुड्याला ती सव्वाचारला दिसते. गुडा जर धावून यायला भीत असेल, तर त्या बिचाऱ्या वनरक्षकाला कोण मदत करणार?

मला सबंध जिल्ह्यासाठी हुकूम नको आहे. एका गावात, एका तुकड्यावर करून बघा. ग्रामसभेनं ठराव करावा, वनखात्यानं आपल्या कार्ययोजनेत त्याला जागा देऊन लेखी परवानगी द्यावी. तुकड्याचे चार-पाच भाग पाडावेत, एका थंडीत एकच भाग, आणि एक भाग मुळीच न जाळता तुलनेसाठी राखावा. नाल्याचे काठ, फुलोरा येऊन नव्यानं रुजलेला बांबू, रोपवन, यांना हात लावू नये. काडी लागायच्या आधी आणि दोन पावसाळ्यांनंतर चार, मोह, आवळा, बीजाची रोपं मोजावीत. शाळेची पोरं हे काम आनंदानं करतील, मी तीस वर्षं पोरांना जंगलात नेलं आहे. वनरक्षक, गुड्यातली जाणती माणसं आणि शेजारचे वावरवाले आग विझेपर्यंत तिथं हजर राहावेत, आणि जाणत्यांना त्यांच्या जाणतेपणाची मजुरी मिळावी. रोपं वाढली नाहीत तर बंद करा; मी पहिला सही करीन.

हा लेख कुणी वनाधिकारी वाचत असतील, कुणी सरपंच वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. यंदा नागोबाची जत्रा भरायच्या आत एकदा आमच्याकडे या. म्हातारा अजून गुड्यात आहे. कान मंद झाले आहेत, हात थरथरतो, पण पान मोडतं की वाकतं हे त्याला अजून कळतं. सकाळी उन्हाला बाजेवर बसलेला असतो. त्याला विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या.